आधी जागा, मग मजा

साहेब गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर उजवा हात ठेवून सातचा पाढा म्हणायचे. सप्टेंबर अर्धा सरला की हे सुरू व्हायचं. कामावरून आले की बूटसुद्धा न काढता सरळ गॅलरीत. कठडा दिवसभर उन्हात तापलेला असायचा. सात एके सात, सात दुणे चौदा म्हणता म्हणता त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि सात चोक अठ्ठावीसला हात सुटायचा. "अजून नाही," असं म्हणून ते तळहात पँटला पुसायचे आणि मग बूट काढायचे. ज्या संध्याकाळी साती दाहे सत्तर होईपर्यंत हात कठड्यावर टिकला, त्या संध्याकाळी आमच्या घरातला उन्हाळा संपला. मग दुसऱ्या दिवशी बाहेर कितीही उकडू दे.

आमच्या इमारतीचा राखणदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो मिसरचा म्हातारा होता. तो सांगायचा की आकाशात सुहैल तारा दिसला म्हणजे गरमी गेली. साहेब म्हणायचे, "तारा मला भाजत नाही, कठडा भाजतो."

अर्णवने एकदा विचारलं, "बाबा, व्हाय सेव्हन? दोनचा पाढा का नाही?"

"दोनचा फार लवकर संपतो."

"मग तेराचा?"

"तेराचा मला येत नाही," साहेब म्हणाले.

हे ते थट्टेने म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही. साहेबांचं पुष्कळसं मला कळलं नाही. म्हणूनच हे लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही. लिहिताना तरी एखादी गोष्ट उलगडेल असं वाटतं.

मी त्यांच्याकडे मुलं सांभाळायला आणि स्वयंपाकाला होते. घर अबू हलीफात, या आखाती देशातल्या किनाऱ्यावरच्या वस्तीत, समुद्रापासून चालत जाता येईल इतकं जवळ. साहेब तेलाच्या कारखान्यात सुरक्षेच्या कामावर इंजिनीअर. कुठे आग लागू शकेल, कोण कुठून पडू शकेल, हे अपघात व्हायच्या आधी शोधायचं, असं ते काम. त्यांच्या बायको, ताई, जाब्रियाच्या एका इस्पितळात होत्या, त्यांच्या पाळ्या बदलत असायच्या. मुलं दोन. अर्णव मोठा, नऊ वर्षांचा. मनू सहा वर्षांची. मुलं मला मावशी म्हणायची, म्हणून साहेब-ताईही मावशीच म्हणायचे.

इथला उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. मे महिन्यापासून मुलं घरातून गाडीत, गाडीतून शाळेत नाहीतर मॉलमध्ये आणि तिथून परत घरात. सगळीकडे एसी. मनूला घाम आला तर ती घाबरून मला दाखवायला यायची, "मावशी, मी लीक होतेय."

त्या वर्षी शाळेत मुलांना 'घराबाहेर' असं चित्र काढायला सांगितलं होतं. अर्णवने मॉलच्या तळघरातलं पार्किंग काढलं. जाड खांब, त्यांच्यावर पिवळे पट्टे, खांबावर आकडा, बाजूला आमची पांढरी गाडी. बाईंनी खाली लाल शाईने शाबासकी दिली होती. ताईंनी ते चित्र हातात घेतलं, आधी हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते फ्रिजला लावून टाकलं आणि साहेबांना म्हणाल्या, "हे बघ तुझ्या मुलाचं अंगण. या थंडीत ही मुलं मोकळी खेळताना मला दिसली नाहीत, तर मार्चमध्ये परीक्षा झाली की मी त्यांना घेऊन नाशिकला जाणार. आईकडे निदान माती आहे."

"माझं काय मग?"

"तू ये सुट्टीला."

साहेब उठले. गॅलरीत गेले. पाढा ऐकू आला. एकवीसला थांबला.

असं होतं ते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काय तो काळ, आणि साहेबांना तेवढ्यात मुलांना बाहेर खेळवून दाखवायचं होतं. नाहीतर घर रिकामं होणार होतं. माझंही काम जाणार होतं, पण मला तेव्हा त्याची तेवढी काळजी वाटली नाही. काळजी वाटायची ती साहेबांची, कारण त्यांना सहल कशी करतात हे माहीतच नव्हतं. त्यांना फक्त तालीम माहीत होती.

प्रत्येक सहलीच्या आधी तालीम व्हायची. मुलं शाळेत असताना. ते अर्ध्या दिवसाची रजा काढायचे आणि मला गाडीत बसवून त्या जागी घेऊन जायचे. मला भयंकर लाज वाटायची. साहेबांबरोबर असं फिरायचं म्हणजे काय! मी मागे मागे चालायची. ते वळून म्हणायचे, "मावशी, मागे राहिलात तर तालीम कसली? तुम्ही आत्ता मनू आहात."

"मी?"

"हो. तुम्ही सहा वर्षांच्या आहात. चला, काय दिसतंय तुम्हाला?"

मी सहा वर्षांची होऊन बघायची. काय दिसणार? साहेबांचा पट्टा. मग ते खाली वाकून, माझ्या खांद्याच्याही खाली डोकं आणून, आजूबाजूला बघायचे. तिथे वाळूत बूट काढून अनवाणी उभं राहायचं, घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावायचा, संडास किती लांब आहे ते चालून बघायचं, गाड्या कुठून वळतात ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, "मावशी, आता तुम्ही हरवा बघू."

पहिल्यांदा त्यांनी असं म्हटलं तेव्हा मला वाटलं, साहेब रागावले. मी म्हटलं, "काय चुकलं साहेब?"

"काही नाही चुकलं. लपू नका, नुसत्या हरवा. पोर हरवते तशी. मी शोधतो."

मुद्दाम कसं हरवायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आपली एका खजुराच्या झाडामागे जाऊन पदर धरून उभी राहिले. एक अरबी बाई बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. साहेब हातात घड्याळ घेऊन उलट्या दिशेला चालले होते आणि "मनू! मनू!" म्हणून हाका मारत होते. मी पन्नाशीची बाई. ओ द्यावी की देऊ नये, ते मला कळेना. शेवटी त्या अरबी बाईनेच हात करून साहेबांना झाड दाखवलं.

"लोकांची मदत मिळते," असं साहेबांनी नोंदवून घेतलं. फार खूश झाले.

पहिली सहल त्यांनी राईला काढली. राई म्हणजे सगळी गोदामं आणि दुकानं. ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस, दिवसा अजून कडक ऊन होतं, म्हणून समुद्र नको, असं त्यांचं ठरलं. दिव्यांच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांना नेलं. छताला झुंबरंच झुंबरं. मुलांना वाटलं होतं काहीतरी विकत घ्यायचं आहे. काही घ्यायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. "इथे पडायला काही नाही, बुडायला काही नाही," साहेब मला हळूच म्हणाले. मनू मान वर करून फिरत राहिली आणि एका खुर्चीला धडकून पडली. ओठ फुटला.

ताई रात्री म्हणाल्या, "बाहेर न्यायचं ठरलं होतं ना? हेही छपराखालीच."

निघायच्या आधी दारात सगळ्यांनी बूट घालून उभं राहायचं, हाही नियम होता. कारखान्यात कामाला हात लावण्याआधी माणसं अशीच उभी करून त्यांना धोके विचारतात म्हणे. साहेब दाराला पाठ लावून विचारायचे, "आज धोके काय काय?"

"ऊन!" मनू ओरडायची.

"कार्स," अर्णव कंटाळून म्हणायचा. "वॉटर. जेलीफिश. अँड मावशी."

"मावशी का?"

"शी वॉक्स टू स्लो."

"बरोबर. मावशी, तुम्ही पुढे चालायचं. आणि शेवटचं?"

तेव्हा दोघं मिळून म्हणायची, "आधी जागा, मग मजा!"

हे साहेबांचं वाक्य. त्याचा अर्थ असा की कुठेही गेलं की खेळायच्या आधी जमायची जागा ठरवायची. मुलं तिला पॉइंट म्हणायची. कोणी हरवलं, चुकलं, घाबरलं, तर रडायचं नाही, धावायचं नाही, सरळ पॉइंटला जाऊन थांबायचं. तिथून हलायचं नाही. मोठ्या माणसांपैकी एकाने पॉइंटला जाऊन एक हात वर करून उभं राहायचं, दुसऱ्याने शोधायचं. आणि ही जागा अशी पाहिजे की वाचता येत नसलं तरी ओळखू आली पाहिजे. मनूला अजून धड वाचता येत नव्हतं. मला मराठी येतं, पण इथल्या पाट्या इंग्रजी आणि अरबी. म्हणून साहेब पाट्या सोडून चित्रं शोधायचे, रंग शोधायचे. माझ्यासाठी एवढी तसदी कुणी कधी घेतली नव्हती. बरं वाटायचं आणि अवघडायलाही व्हायचं.

दुसऱ्या सहलीला समुद्रच होता, आमचा अबू हलीफाचाच किनारा. बुधवारी दुपारी आम्ही तालमीला गेलो. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळूच्या कडेला सिमेंटच्या बाकाजवळ एक निळी आइस्क्रीमची गाडी उभी होती, हातांनी ढकलायची. तिच्यावर भला मोठा पेंग्विन काढलेला, डोक्यावर टोपी घातलेला. गाडीवाला बाकावर तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. साहेब चारी बाजूंनी फिरून आले. घसरगुंडीवरून दिसतो का? दिसतो. पाण्याच्या कडेवरून दिसतो का? दिसतो. मी खाली बसून बघितलं, तरी दिसतो.

"पेंग्विन," साहेब म्हणाले. "उत्तम. कुणीही ओळखेल."

मलाही ते उत्तमच वाटलं. आता हसू येतं, पण तेव्हा तिथे उभं राहून कुणालाही उत्तमच वाटलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी किनारा माणसांनी फुलला होता. चटया, कबाबचा धूर, पतंग, मुलंच मुलं. पेंग्विन बाकाजवळच होता. साहेबांनी दोन्ही मुलांना त्याच्यासमोर उभं केलं, त्याला हात लावायला लावला. "हा पॉइंट. आधी जागा..." "मग मजा!" आणि मुलं सुटली.

मी खरं सांगते, त्या दिवशी मुलं जशी धावली तशी मी त्यांना कधी पाहिली नव्हती. मनूचा पिवळा फ्रॉक वाऱ्याने फुगला होता. अर्णव इंग्रजी विसरून "ए, इकडे टाक, इकडे!" असं ओरडत होता. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, ताईला फोटो पाठवू या." त्यांनी फोन काढला. अर्णवचा चेंडू पाण्यात गेला म्हणून आम्ही दोघं तिकडे वळलो, तो काढून दिला, आणि मागे बघितलं तर पिवळा फ्रॉक नाही.

"पॉइंट," साहेब म्हणाले. आवाज शांत होता. आम्ही बाकाकडे गेलो.

बाक होता. पेंग्विन नव्हता. मनू नव्हती.

साहेब त्या रिकाम्या जागेकडे असे बघत राहिले, जणू कुणी भिंत उचलून नेली असावी. मग त्यांनी अर्णवचा हात घट्ट धरला, दुसरा हात वर केला आणि तिथेच उभे राहिले. मला म्हणाले, "मावशी, शोधा."

"तुम्ही जा ना साहेब, मी थांबते. मला कुणाशी बोलता येत नाही हो."

"मला ती उंचीवरून ओळखते. ती इथे आली आणि मी नसलो तर? मला हलता येत नाही. जा मावशी."

मी गेले. मला दुकानात मिरच्या मागायची लाज वाटते, आणि मी त्या गर्दीत दिसेल त्याला धरून विचारत होते, "बच्ची? छोटी बच्ची? पिला फ्रॉक?" एका फिलिपिनो बाईने माझे हात धरले आणि इंग्रजीत काही म्हणाली, मला समजलं नाही. एका अरबी घरातली मोठी मुलगी उठून माझ्याबरोबर चालू लागली. पाण्याकडे बघायचं मी टाळत होते. मी मागे वळून बघितलं तर गर्दीच्या वर साहेबांचा हात दिसत होता. हलत नव्हता.

मग घंटी ऐकू आली. किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे झोपाळे आहेत, तिथे निळी गाडी हळूहळू चालली होती. गाडीच्या बाजूला, पेंग्विनच्या पोटावर हात ठेवून, पिवळा फ्रॉक. गाडी थांबली की थांबायची, गाडी निघाली की निघायची.

मी पळत गेले, तिला उचलली. छातीशी धरली. ती म्हणाली, "मावशी, यू आर सो लेट."

गाडीवाल्याने कपाळाला हात लावला. "अम्मा, ये बच्ची आपकी है? कब से बोल रहा हूँ, बेटा मम्मी के पास जाओ. बोलती है, नहीं, ये मेरा पॉइंट है. आइस्क्रीम दिया, आइस्क्रीम भी नहीं लिया. बोली, अभी मैं हरवली हूँ."

आम्ही सगळे परत निघालो, गाडीवाला, गाडी, ती अरबी मुलगी, मनू, मी. मनूने पेंग्विनवरचा हात काढला नाही. साहेब तसेच उभे होते. हात वरच. जवळ गेलो तेव्हा दिसलं, अर्णव त्यांच्या पायाला मिठी मारून रडत होता. मला वाटलं आता ते मनूला उचलून घेतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीवाल्याला विचारलं, "भाई, आप रुकते नहीं?"

"रुकेगा तो बेचेगा किसको, साहब?"

साहेबांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आमच्या कारखान्यात जमायच्या जागेची पाटी सिमेंटमध्ये रोवलेली असते, मावशी. पॉइंट चालू लागेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही."

घरी आल्यावर ताईंना ही गोष्ट मनूनेच सांगितली, नाचून नाचून. "आई, मी पॉइंट सोडला नाही! तो चालला, मी पण चालले!" ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मनूला जवळ घेतलं. मग जाऊन फ्रिजवरचं ते चित्र सरळ केलं. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी दारात येऊन जो अवतार दाखवला, तो पाहून अर्णवने डोळे झाकून घेतले. कारखान्यातलं केशरी जाकीट. बिनबाह्यांचं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं, मैलभरावरून दिसणारं. हातात घडीची खुर्ची. "आता पॉइंट मी," ते म्हणाले. "मी चालणार नाही."

आणि ते चालले नाहीत. बाकाशेजारी खुर्ची उघडून बसले ते सूर्य बुडेपर्यंत उठले नाहीत. पाणी प्यायलाही थर्मास मीच हातात दिला. चेंडू त्यांच्या पायाशी आला तर अर्णव म्हणायचा, "बाबा, किक!" आणि ते म्हणायचे, "पॉइंट किक मारत नाही." पण मनूला त्यात खेळ सापडला. ती लांब लांब धावत जायची, पार झोपाळ्यांपर्यंत, जिथे ती आधी कधी एकटी गेली नसती, आणि तिथून सुसाट परत येऊन साहेबांच्या गुडघ्यावर थाप मारायची. "टच!" की पुन्हा पळाली. दर शुक्रवारी ती जरा जास्त लांब जायची. साहेब नुसते बसून असायचे आणि त्यांचे डोळे तिच्याबरोबर जायचे, यायचे.

मला वाटलं, जमलं. ताई हे बघतील तर नाशिकचं नाव काढणार नाहीत.

एका शुक्रवारी ताईंना सुट्टी मिळाली. त्या आल्या. थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या, मग खुर्चीशेजारी वाळूत बसल्या.

"अरे, लोक बघतायत तुझ्याकडे."

"बघू देत. दिसण्यासाठीच घातलंय."

"उठ ना जरा. पाण्यात जाऊ या सगळे. मावशी बसतील इथे."

"मावशी दिसत नाहीत लांबून."

"मी घालते जाकीट."

"अगं, मुलांनी मला बघून ठेवलंय. आता बदललं तर गोंधळ होईल."

ताई हसल्या. मला आधी वाटलं, खरंच हसल्या. त्यांनी चप्पल काढली आणि एकट्याच पाण्याकडे गेल्या. अर्णव त्यांच्यामागे धावला. मनू धावत गेली, त्यांच्यावर पाणी उडवलं, परत आली, "टच!", पुन्हा गेली. तिघं पाण्यात होती आणि साहेब खुर्चीत. मी दोन्हीच्या मध्ये टॉवेल घेऊन उभी.

घरी जाताना साहेब गाडी आणायला गेले तेव्हा ताई मला म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. हा वेडा आहे की मी?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "मनू किती लांब पळते बघितलंत ना ताई? साहेब बसतात म्हणून पळते."

"बघितलं." त्या वाळू झटकत राहिल्या. "आणि अर्णव बापाला बॉल खेळ म्हणून विचारायचा थांबला, तेही बघितलं. मनू हरवली म्हणून मी नेत नाहीये त्यांना. सापडली की ती. पण मुलं खेळतात तेव्हा यांचा बाप राखण करतो. अशा ठिकाणी न्यायचं आहे मला, जिथे राखण लागणार नाही. मग कदाचित हाही उठेल."

मी ऐकून घेतलं. मला त्यांचं बरोबर वाटलं. घरी येऊन मनूचे केस धुताना ती म्हणाली, "मावशी, बाबा कध्धी हलत नाही," असं, जसं कुणी आपल्या बापाच्या ताकदीबद्दल सांगतं, आणि मला साहेबांचं बरोबर वाटलं. अजूनही रात्री पडल्यावर कधी एकाचं बरोबर वाटतं, कधी दुसऱ्याचं. दोघांचं बरोबर असेल तर मग चुकलं कुठे, हे मला सापडत नाही.

परीक्षा झाली आणि ताई मुलांना घेऊन गेल्या. विमानतळावर साहेबांनी मुलांना उभं करून विचारलं, "आज धोके काय काय?" अर्णवने उत्तर दिलं नाही, त्याने साहेबांच्या पोटात डोकं खुपसलं. मनू म्हणाली, "बाबा, नाशिकला पॉइंट कोण?"

"आजी," साहेब म्हणाले.

"आजी तर सारखी चालते!"

साहेब खाली वाकले आणि तिच्या बुटाची नाडी पुन्हा बांधत राहिले.

मला त्यांनीच दुसऱ्या एका मराठी घरी लावून दिलं, अबू हलीफातच. बँकेतले लोक आहेत, चांगले आहेत. त्यांना एक मुलगा आणि त्याच्याहून लहान मुलगी. साहेब त्या मोठ्या फ्लॅटमधून निघून एका खोलीत राहायला गेले असं ऐकलं. त्या खोलीला गॅलरी आहे की नाही, ठाऊक नाही. नसली तर ते उन्हाळा संपलेला कसा ओळखत असतील, असं मध्येच मनात यायचं. मी कधी फोन केला नाही. फोन करून काय बोलायचं, तेच मला समजत नाही.

परवा, या ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी, नव्या घरच्या मुलांना घेऊन मी किनाऱ्यावर गेले. त्यांचे आई-बाबा चटई अंथरत होते. अजून जरा उकडत होतं, पण वारा सुटला होता. आणि लांबून मला बाकाशेजारी केशरी दिसलं.

खुर्ची तीच. थर्मास पायाशी. फोन त्यांनी हातात समोर धरला होता, आणि आजूबाजूला एवढा गोंगाट असूनही त्यातला मनूचा आवाज मी ओळखला. "टच, बाबा! लागला का?" साहेबांनी दुसऱ्या हाताने आपल्या गुडघ्यावर थाप मारली आणि फोनला म्हणाले, "लागला. पळ आता." मग फोन अंधारला असावा, कारण ते नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. तरी उठले नाहीत. निळी पेंग्विनची गाडी घंटी वाजवत त्यांच्यासमोरून गेली. गाडीवाल्याने मान लववली, साहेबांनीही लववली.

मी जवळ जावं असं वाटलं. दोन पावलं गेलेही. मग वाटलं, मी जाऊन म्हटलं, साहेब, आता उठा, मुलं इथे नाहीत, तर ते काय म्हणतील? आणि म्हटलं, बसा, बसूनच राहा, तर ते तरी कोणत्या तोंडाने? मी तिथेच थांबले. त्यांनी मान वळवली. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांचा एक हात वर गेला आणि तसाच राहिला, मनू हरवली त्या दिवशी राहिला होता तसा.

मुलगा माझा पदर ओढत होता. "मावशी, आम्ही जाऊ खेळायला?"

मी खाली वाकले. त्यांच्या डोळ्यांइतकी खाली, तिथून दिसतं का ते बघितलं. दिसत होतं.

"ते केशरी दिसतंय?" मी म्हटलं. "चुकलात, हरवलात, तर रडायचं नाही. सरळ तिथे जाऊन थांबायचं."

"हू इज ही?" मुलीने विचारलं.

ज्या साहेबांना मी इतकी वर्षं ओळखते, ते कोण, हे एका वाक्यात कसं सांगायचं?

"जागा आहे ती आपली," मी म्हटलं. "जा, आधी हात लावून या. मग खेळा."